पोटावर पिशवी, पुढ्यात पखवाज

प्रिय अहो,

हसू नका. सगळा संसार तुम्हाला ‘अहो’ म्हणण्यात गेला, आता मायन्यात दुसरं काय घालू? ‘दत्ताराम’ लिहून पाहिलं, तर कुणा परक्याच माणसाला लिहितेय असं वाटायला लागलं. मग खोडलं.

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. गुरुजी गेले, पानं उठली, आणि माणसं आपल्या खोलीत, बाहेर गॅलरीत, जागा मिळेल तिथे बसून तुमच्याबद्दल बोलत राहिली. गोदीतले सावंत म्हणाले, नानांसारखा सरळ कारकून पुन्हा झाला नाही. भजनी मंडळाचे वसंतबुवा म्हणाले, नाना पखवाजावर असले की मला पुढची ओळ आपोआप सुचायची. तुमच्या अक्कांनी गावच्या देवळातल्या आठवणी काढल्या. छान चाललं होतं सगळं.

मग शेवटच्या तीन वर्षांचा विषय आला आणि अक्कांचा आवाज एकदम खाली गेला. “मगे ता पोटाचा दुखणा इला,” त्या म्हणाल्या. सगळ्यांनी मान हलवली आणि चहाच्या कपात बघायला लागले. संपलं! तीन वर्षं एका वाक्यात गुंडाळून ठेवली.

मला ते सोसेना हो. कारण तुम्ही आयुष्यात जे काही केलंत, त्यातलं सगळ्यात मोठं काम त्याच तीन वर्षांत केलंत. आणि तेच नेमकं कुणाला बोलायचं नव्हतं. महापालिकेच्या शाळेतली बाई आहे मी. गाळलेल्या जागा भरायला मुलांना शिकवलं, आता एक माझी मीच भरते.

पण आधी भांडून घेते. रक्त जात होतं ते किती महिने लपवलंत? चाळीच्या सामाईक संडासात कोण कुणाचं काय बघतंय, नाही का! डबा घेऊन जायचं, यायचं, पाय धुवायचे, पेपर वाचत बसायचं. एकदाच ओझरतं म्हणालात, “मूळव्याध असतली गो, उष्णता झाली असतली.” मी सब्जा भिजवून दिला. मोच्याकडून पट्ट्याला नवं भोक पाडून आणलंत, तेही मला कपड्यांच्या घड्या घालताना कळलं. शेवटी मोरीत भोवळ येऊन पडलात तेव्हा कुठे तोंड उघडलंत. बोलायला इतकी कसली लाज? कुणापासून? माझ्यापासून?

परळच्या हॉस्पिटलातल्या त्या तरुण डॉक्टरीणबाई आठवतात? त्यांनी कागदावर आतड्याचं चित्र काढून समजावलं. गाठ अगदी शेवटच्या टोकाला आहे, ती काढायची तर खालची वाट कायमची बंद करावी लागेल. आतड्याचं टोक पोटावर डाव्या बाजूला बाहेर आणू, वर पिशवी चिकटवायची, शौच तिच्यात होईल. सुहास माझ्याकडे बघत होता, मी सुहासकडे. आपल्या मुलाचा चेहरा एवढा पांढरा मी कधी पाहिला नव्हता.

आणि तुम्ही काय विचारलंत? “पखवाज वाजवता येईल का?”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “कुठे ठेवून वाजवता?”

“मांडीवर. पोटाला टेकून.”

“पोटाला टेकवता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “बाकी आपण बघू.”

ऑपरेशननंतर सिस्टर पहिल्यांदा पिशवी बदलायला आली तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. ती मला म्हणाली, “आजी, तुम्ही बघा. घाबरू नका, त्याला हात लावला तरी दुखत नाही.” मी पुढे झाले.

अहो, काय सांगू! लालबुंद होतं ते. ओलं, चकचकीत, पुऱ्या उमललेल्या फुलाएवढं. आणि मी बघत असताना ते हललं. आपलं आपण! जरा आत गेलं, परत वर आलं. “चालतंय बघा,” सिस्टर हसली. शाळेत मी इतकी वर्षं फळ्यावर पचनसंस्था काढली, पांढऱ्या खडूने, एकाखाली एक वेटोळी. त्या वेटोळ्यांना असा रंग असतो, ती अशी स्वतःच्या मर्जीने जगत असतात, हे कुठे माहीत होतं? आपण म्हणतो, आतड्याची माया, आतड्याचं माणूस, आतडं तुटतं. सगळं प्रेम आपल्या भाषेने आतड्यात नेऊन ठेवलंय, आणि मी ते डोळ्यांनी बघत उभी होते. नवऱ्याचं आतडं बघितलेल्या बायका जगात कितीशा असतील? मला रडू येईल असं वाटलं होतं. देवळात उभं राहिल्यासारखं वाटलं.

तुम्ही मात्र पुष्कळ दिवस बघितलं नाहीत. मी पिशवी बदलायची आणि तुम्ही छताचे वासे मोजल्यासारखे वर बघत राहायचे.

मग सुरू झालं खाण्याचं प्रकरण! हॉस्पिटलातल्या आहाराच्या मॅडमनी सांगितलं, सुरुवातीला पेज, मऊ भात, गाळलेलं वरण, उकडलेला बटाटा, केळं. थोडं थोडं, वेळच्या वेळी, नीट चावून. मग एका वेळी एकच नवा पदार्थ घ्यायचा, पोटाला मानवला तरच पुढचा. कोबी, वाल, वाटाणे, मुळा सांभाळून, वायू होतो. सुक्या मासळीचा वास पिशवीला येतो. आणि ओलं खोबरं सध्या बंद, चोथा अडकू शकतो.

मालवणी माणसाला ओलं खोबरं बंद! टॅक्सीत परळ नाक्यापर्यंत तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात. मग म्हणालात, “मगे जगूचा कित्याक?”

मी गिरगावातली. लग्न होऊन लालबागला आले तेव्हा तुमच्या आईने मला वाटण वाटायला शिकवलं होतं. आता तेच हात नारळाचं दूध काढून दोनदा फडक्यातून गाळायला शिकले. सोलकढी जमली त्या दिवशी तुम्ही वाटी दोन्ही हातांत धरून एवढा वेळ नुसता वास घेत बसलात, की मी म्हटलं, आता प्या तरी!

आणि ते बीट? आठवतं? पिशवीत लाल दिसलं आणि आपण दोघं पलंगावर मटकन बसलो. सुहासला फोन लावला, तो कामावरून निघाला. मग तुम्हीच हळूच विचारलंत, “काल कोशिंबीर कसली होती गो?” किती हसलो! तोंडावर उशी धरून हसावं लागलं तुम्हाला, टाके दुखत होते म्हणून. आजारपणात हसता येतं हे मला त्या बिटाने शिकवलं.

सगळे दिवस तसे नव्हते. केमो सुरू झाली आणि पोटाचा काही भरवसाच राहिला नाही. कधी नुसतं पाणी. पिशवी रिकामी केली म्हणता म्हणता पुन्हा भरायची, आणि मी मीठ-साखरेचं पाणी घेऊन मागे मागे. डॉक्टरांना फोन, गोळी, पुन्हा पेज. कधी उलट, काहीच नाही, पोट दगडासारखं. तोंड आलेलं असायचं, घास जिभेला झोंबायचा. तरी तुम्ही पाटावर बसायचेच. घास चावायचे, चावायचे, आणि गिळून माझ्याकडे असं बघायचे, की जसा काही किल्ला सर केलाय. खरंच केला होता हो. पूर्वी तुमच्या पानात भाताचे डोंगर वाढले, पण एका घासाला एवढी छाती लागते हे मला तेव्हा कळलं.

पिशवी रिकामी करायची कुठे, हा मोठाच प्रश्न. चाळीत गॅलरीच्या टोकाला पाच संडास आणि अख्ख्या मजल्याची माणसं. तुम्ही उजाडायच्या आत जायचे, कुणी रांगेत नसताना. दिवसा गरज पडली तर घामाघूम होऊन थांबायचे. मी कुणाला काही बोलले नव्हते, शपथेवर सांगते. एका सकाळी बघितलं तर शेवटच्या संडासाच्या दाराला आतून आकडा ठोकलेला, कमरेएवढ्या उंचीवर फळी, नवा दिवा. मी बघतच राहिले. कमळवहिनी कपडे वाळत घालत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “शेवटचो नानांचो. थंय कोण जाणा नाय.” आणि खरंच कधी कुणी गेलं नाही. लहान पोरं रांगेत पाय आवळून उभी राहायची, पण त्या दाराला हात लावायची नाहीत. आपल्याला वाटत होतं आपण लपवतोय! अख्ख्या मजल्याने आपलं लपवणं सांभाळून घेतलं होतं.

केमो संपली, अंगात जरा जोर आला आणि तुम्ही मंडळाच्या तालमीला गेलात. मी नको म्हटलं होतं का? नाही. पण कुणाच्या तरी घरून काळ्या वाटाण्यांचं सांबारं आलं होतं, आणि तुम्ही खाल्लंत! तेही वाटी भरून! एकदा तरी वाटलं का, की मॅडम काय म्हणाल्या होत्या? मांडीवर पखवाज, पोटात वाटाणे, पिशवी फुगत गेली आणि वाजवता वाजवता सुटली. पांढराशुभ्र लेंगा. वसंतबुवांनी आपली शाल तुमच्या कमरेला गुंडाळली आणि टॅक्सी मिळत नाही म्हणून हाताला धरून चालत घरी आणलं. तुम्ही एवढंच म्हणालात, “पखवाज इकून टाक.”

त्यानंतरचे दिवस मला आठवायचे नाहीत. खोलीचं दार बंद, खिडकी बंद. कुणी भेटायला आलं तर झोपेचं सोंग.

आणि मग एक दिवस, काय कारण घडलं मला आजही ठाऊक नाही, मी भाजी घेऊन वर आले तर तुम्ही आरशासमोर सदरा वर करून उभे. पिशवी काढलेली. त्याच्याकडे, त्या लाल फुलाकडे, टक लावून बघत होता. मी दारातच थांबले. तुम्ही आरशातूनच मला म्हणालात, “सुंदर आसा गो. तू सांगूक नाय कधी.”

सांगायला तुम्ही कधी खाली बघितलंत का!

“आता ह्याच्याशी दोस्ती करूक व्हयी,” तुम्ही म्हणालात, आणि केलीत. त्या दिवसापासून पिशवीला मी हात लावला नाही. पिशवीच्या चिकट चकतीचं भोक मापाने कापायचं, कातडी कोरडी करायची, चिकटवून तळहाताची ऊब द्यायची, सगळं स्वतः. जेवल्यावर मांडीवर बोटांनी ताल धरून बसायचे आणि पोटाचा अंदाज घ्यायचे. पेजेवर पोट केव्हा चालतं, भातावर केव्हा, केळ्याने कसं आवरतं, ताकाने कसं सैल होतं. काय खाल्लं की पोट गप्प राहतं, हे तुम्हाला माझ्याआधी कळायला लागलं. “पखवाजाक कणीक लावतत ना,” एकदा म्हणालात, “थोडी जास्त झाली तर आवाज बसता, कमी झाली तर उडता. पोटाचा तसाच.”

माघी गणपतीला मंडळाचं भजन होतं, संध्याकाळी, मंडपात. तुम्ही वसंतबुवांना निरोप धाडलात की मी बसणार. सुहास चिडला. “बाबा, माइकसमोर? लोकांत? परत काही झालं तर?” तुम्ही म्हणालात, “झाला तर झाला.” पण मी बघत होते ना! आदल्या दिवसापासून मऊ भात आणि उकडलेला बटाटा, त्या दिवशी सकाळी पेज, दुपारी लवकर एक केळं आणि थोडा भात, मग घोटाघोटाने पाणी. नवी पिशवी. पखवाज मांडीवर नाही. पुढे पाट, पाटावर घडी घातलेलं ब्लँकेट, त्यावर पखवाज, पोटापासून वीतभर लांब. त्या लांब ठेवलेल्या पखवाजावर हात बसवायला तुम्ही घरी किती दिवस घाम गाळलात, ते मी आणि शेजारच्या भिंतीने ऐकलंय.

आणि वाजवलंत हो! गजर चढला तेव्हा माझ्या बाजूची बाई मला म्हणाली, “आजारी होते ना हे?” मी तिला नुसतं तुमच्या हातांकडे बोट दाखवलं.

मग वसंतबुवांनी आलाप घेतला. सगळं शांत, पखवाज थांबलेला. आणि तेवढ्यात तुमच्या पोटातून आवाज आला. चांगला लांबलचक! माइक पुढ्यातच होता, तो सगळ्या मंडपात घुमला. पुढे बसलेली पोरं खुदकन हसली. मागून कुणीतरी “शूऽऽ” केलं. वसंतबुवांचा आलाप अर्धाच राहिला. सुहासने डोळे मिटून घेतले. मी पदर मुठीत धरला आणि तुमच्याकडे बघितलं.

तुम्ही माइक जवळ ओढलात.

“ह्यो आमचो दुसरो पखवाज,” तुम्ही म्हणालात. “अजून सुरात लागूक नाय.”

अख्खा मंडप हसला. तुम्ही त्यांना हसू दिलंत, स्वतःही हसलात, आणि हसणं ओसरल्यावर अगदी सावकाश म्हणालात, “माका आतड्याचो कॅन्सर झालो. पोटार पिशवी आसा, संडास तिच्यात जाता. तिका केव्हाय आवाज करूची मुभा आसा, माका थांबवता येणा नाय. माका रगत दिसत होता, मी लाजान लपवलंय. तुमी लपवू नकात. बुवानू, चला.”

आणि हात पखवाजावर पडला.

अहो, ‘संडास’ हा शब्द तुम्ही माझ्यासमोर कधी उच्चारला नव्हता! ‘जाऊन येतो’ म्हणायचे. आणि त्या दिवशी गणपतीसमोर, बायाबापड्यांसमोर, माइकवर! मी तुमच्याकडे बघत होते आणि वाटत होतं, हा माणूस कोण? ह्याच्याशी माझं लग्न झालंय? कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे फक्त नीट सरसावून बसले. पुढचं भजन त्यांनी असं म्हटलं, असं म्हटलं, की कनाती थरथरल्या.

त्यानंतर आपल्या दारात माणसं यायला लागली. रे रोडला लाकडाच्या वखारीत काम करणारे ते गृहस्थ आठवतात? मंडपात होते म्हणाले. त्यांनाही तसंच काहीतरी होत होतं, बायकोला सांगितलं नव्हतं. तुमच्यासमोर बसून त्यांनी पहिल्यांदा बायकोला सांगितलं, ती बाजूलाच बसली होती. पुढे त्यांची गाठ लहान असतानाच सापडली, काढली, पिशवीचीही गरज लागली नाही. ते पाया पडायला आले तर तुम्ही पाय पोटाशी घेतलेत आणि म्हणालात, “पेज घेतल्यात काय?”

नंतर यकृतात पसरलं. ते मी लिहीत बसत नाही, तुम्हाला माहीत आहे. दुखण्याच्या औषधाने पोट पुन्हा आवळलं, भूक गेली. मी मात्र वाटी घेऊन पाठीमागे होतेच. डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “आता त्यांना आग्रह करू नका. खात नाहीत म्हणून ते जात नाहीयेत, जायची वेळ आली म्हणून शरीर अन्न नको म्हणतंय.” मला ते कळलं, हाताला कळेना. वाढायचं नाही तर मी करू काय?

ते तुमच्याच लक्षात आलं. एका दुपारी म्हणालात, “बांगडो आण. तिकला कर. माका नको. तू खा, मी बघतंय.”

मी तिखलं केलं. भरपूर ओलं खोबरं, तिरफळं घालून. तुमच्या पलंगाशेजारी पान मांडून बसले. पहिला घास नुसता चावत राहिले.

“कसो लागता?”

“चांगला झालाय.”

“तिरफळा घातलंस ना? आंबट बरोबर झाला? सावकाश, काटो लागात.”

मी खात होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तुम्ही प्रत्येक घासाला मान हलवत होता, जेवल्यासारखी. “पोट भरला,” शेवटी म्हणालात आणि समाधानाने डोळे मिटलेत. मरणाच्या दारात बसून बायकोला पोटभर जेवू घालणारा माणूस मी पाहिलाय. कुणाला सांगू हे? कोण खरं मानेल?

आता एक ताजं सांगते, म्हणजे पत्र पुरं होईल. चार दिवसांपूर्वी सुहास, गौरी आणि मी जेवायला बसलो होतो. सुहास भात कालवता कालवता म्हणाला, “आई, आज संडासात रक्त दिसलं. आजच, पहिल्यांदा. काही नसेलही. पण मी वेळ घेतलीय डॉक्टरची.”

गौरी म्हणाली, “जेवताना काय रे!” आणि दुसऱ्याच क्षणी तिने त्याचा हात धरला.

माझ्या काळजाचं पाणी झालं, खोटं कशाला बोलू? पण त्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं, त्याला काय म्हणू मला कळत नाही. तुम्ही जे महिनोन्महिने छातीशी धरून बसलात, ते तुमच्या मुलाने त्याच दिवशी, वरणभाताच्या पानावर, बायको आणि आईसमोर सांगून टाकलं. मान खाली न घालता. हे त्याला शाळेत मी शिकवलं नाही.

सोमवारी त्याची तपासणी आहे. मी त्याच्याबरोबर जाणार. तो म्हणतो कशाला येतेस, मी म्हटलं येणार. काय निघेल ते निघो, मी त्या दुखण्याचं नाव घेऊन बोलेन, कुजबुजणार नाही, आणि जे शिजवावं लागेल ते शिजवेन. हा माझा शब्द.

तुमचीच,
शालिनी